छापलेलं तरीही मूळ: रुफिनो तामायोच्या मुद्राचित्रांची किंमत कशी ठरते

आपल्याकडे छापील चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर येते आजीच्या देवघरातली कमळावर उभी लक्ष्मी. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या दगडांवरून उतरलेल्या देवादिकांनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. या चित्रांवर आपला जीव आहे. पण त्यांच्यामुळे एक समजही घट्ट बसला: रंगवलेलं ते मूळ, छापलेली ती नक्कल. मग मेक्सिकोच्या कुणा चित्रकाराची प्रिंट लिलावात काही हजार डॉलरला गेली असं कानावर आलं की आपण विचारतो, छापलेल्या कागदाला एवढे पैसे?

उत्तरासाठी मी रुफिनो तामायोला निवडलंय. विसाव्या शतकातल्या मेक्सिकन भित्तिचित्रकारांमध्ये दिएगो रिवेरा, ओरोस्को आणि सिकेरोस ही त्रिमूर्ती आधी आठवते. तामायो त्यांच्या शेजारचा, आणि बराचसा त्यांच्याशी न पटलेला. जन्म १८९९ सालचा, दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाकाचा, वंश सापोतेक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा. आई लवकर गेली आणि मावशी त्याला मेक्सिको सिटीत घेऊन आली. तिचा ला मेर्सेद बाजारात फळांचा धंदा होता. पुढे आयुष्यभर त्याच्या चित्रांत लालभडक कलिंगडाच्या फोडी येत राहिल्या त्या तिथूनच, असं मानतात. रिवेरा-सिकेरोस भिंतींवर क्रांती रंगवत होते, ‘आमच्या वाटेशिवाय दुसरी वाट नाही’ असं सिकेरोस १९४५ मध्ये छापून मोकळा झाला होता, आणि हा गडी मात्र रंग, माती, कुत्री, चंद्र आणि माणसाचं एकटेपण यांतच रमलेला. भिंती त्यानेही रंगवल्या: मेक्सिको सिटीच्या पालासिओ दे बेयास आर्तेसमध्ये १९५२-५३ ला, पॅरिसच्या युनेस्को इमारतीत १९५८ ला, मेक्सिकोच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात १९६४ ला.

पण भिंत घरी नेता येत नाही. संग्राहकाच्या वाट्याला येतात तैलचित्रं आणि कागदावरची मुद्राचित्रं, म्हणजे दगडावरून किंवा प्लेटवरून छापलेली चित्रं, ज्यांना प्रिंट म्हणतात. तैलचित्रांचं आकाश फार वर आहे. १९४५ चं ‘त्रोवादोर’ हे त्याचं चित्र २००८ साली क्रिस्टीज या लिलावगृहात ७२ लाख डॉलरला गेलं. मुद्राचित्रं त्याने १९२५ पासून अखेरपर्यंत केली, शेकड्यांनी केली, आणि त्यातली बरीचशी आजही मध्यमवर्गीयाने धाडस केलं तर हाती लागतील अशी आहेत. म्हणूनच फसायलाही तीच सोपी.

आधी ‘मूळ’ या शब्दाचा गोंधळ मिटवू. आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्या आणि तामायोची लिथोग्राफ यांचं तंत्र एकच. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला केला की तेलकट रेघ पाणी झिडकारते, उरलेला दगड पाणी पितो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उतरलं. रंग चार असतील तर दगड साधारण चार. रविवर्म्याच्या छापखान्यात आधी त्याचं तैलचित्र होतं, आणि कारागीर ते बघून दगडावर उतरवत होते. तामायोच्या लिथोग्राफला मागे कुठलंही तैलचित्र नाही. तो दगडावरच चित्र काढतो, एखादा रंग खटकला तर बदलायला लावतो, आणि मनाजोगता छाप निघाला की ‘आता छापा’ म्हणतो. त्यानंतरचे शंभर कागद हे एकाच चित्राचे शंभर मूळ. ज्याची नक्कल व्हावी असं दुसरं काही अस्तित्वातच नाही.

हा फरक फक्त रसिकांनी मानलेला नाही. जगभरच्या कस्टम खात्यांत मूळ मुद्राचित्रांना वेगळा क्रमांक आहे, ९७०२. कलाकाराने स्वतः हाताने केलेल्या दगडावरून किंवा प्लेटवरून थेट काढलेले छाप त्यात बसतात. यांत्रिक किंवा फोटोवरून केलेली छपाई बसत नाही.

ओळखायचं कसं? सराफाकडे असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि रंगाच्या एखाद्या सपाट भागावर धरा. ऑफसेटवर छापलेल्या पोस्टरमध्ये निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके शिस्तीत रांगेने किंवा फुलासारखे मांडलेले दिसतील, जसे वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसतात. दगडावरच्या लिथोत ठिपके असले तरी वेडेवाकडे असतात, खडूचा माग दिसतो. हे भिंग चारपाचशे रुपयांना मिळतं, आणि ते खिशात नसताना तामायोची लिथोग्राफ विकत घेणं म्हणजे दात न मोजता बैल घेण्यासारखं. प्रदर्शनाची पोस्टरं कुणी कधी सही करून घेतलेली असतात. ती सही खरी असेलही, पण कागद पोस्टरच राहतो.

आता मामला रंगतो. तामायो आपल्या तैलरंगात वाळू आणि संगमरवराची भुकटी मिसळायचा. त्याच्या कॅनव्हासवरून बोट फिरवलं तर भिंतीच्या गिलाव्यावरून फिरवल्यासारखं वाटेल. १९७३ च्या सुमारास मेक्सिको सिटीतला मुद्रक लुईस रेंबा त्याला म्हणाला, माझ्याकडे लिथोग्राफ करा. तामायोचं म्हणणं पडलं की सपाट कागदात मला रस नाही, पोत आणि उठाव मिळत असेल तर बोला. दुसरा कुणी असता तर नमस्कार करून निघाला असता. रेंबा यंत्राशी झटापट करत बसला आणि त्यातून जे निघालं त्याला मिक्सोग्राफिया म्हणतात.

त्याची रीत थोडक्यात अशी. चित्रकार आधी एक नमुना बनवतो, मेणाचा, कापडाचा, लाकडाचा, हाताला लागेल त्याचा, उंचसखल. त्याचा साचा घेऊन तांब्याची प्लेट तयार होते, म्हणजे चित्रातला खड्डा प्लेटवर उंचवटा आणि उंचवटा खड्डा. प्लेटवर हाताने शाया भरतात. वर कागद येतो, तोही हातकागदाचा जाड ओला लगदा. मग भरपूर दाब. लगदा प्लेटच्या प्रत्येक खाचेत शिरतो, त्याच वेळी शाई पितो, आणि वाळला की उठाव कायमचा त्याच्या अंगात राहतो. गणपतीच्या साच्यात शाडू दाबतात तसंच, फक्त इथे रंगही त्याच दाबात येतो. रेंबाच्या कार्यशाळेसोबत तामायोने अशी कितीतरी चित्रं केली. १९८३ चं ‘दोन माणसांवर कुत्र्यांचा हल्ला’ तर जवळपास अडीच मीटर रुंद आहे. कार्यशाळा पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला हलली.

मूल्यांकनाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मिक्सोग्राफियात कागद हाच चित्राचा देह आहे. साध्या लिथोला घडी पडली तर दुरुस्त करणारे आहेत. पिवळा पडला तर जाणकार पाण्याने धुऊन देतो. इथे लगदा पुन्हा भिजवला तर उठावच बसून जायची भीती. फ्रेमवाल्याने हौसेने काच चिकटवून बसवली तर सगळ्यात उंच भागाचा रंग काचेला लागलेला सापडतो. काच आणि कागद यांच्यात बोटभर अंतर सोडणारी खोल पेटीवजा फ्रेमच हवी. असा कागद कुणी गुंडाळून नळीत घालून पाठवतो म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आता कडेला लिहिलेल्या आकड्यांकडे वळू, कारण तिथे लोक उगाच घोटाळतात. पेन्सिलीने डाव्या बाजूला ४७/१०० असं काही असतं, उजवीकडे आर. तामायो अशी सही. अर्थ इतकाच, की शंभरांची आवृत्ती आहे आणि ही त्यातली सत्तेचाळीसावी. पहिला नंबर भारी आणि शंभरावा हलका असं नसतं. छापून झालेले कागद वाळत घालतात, ढीग होतो, आणि चित्रकार बसून सह्या करतो तेव्हा वर जो कागद असेल त्याला पहिला नंबर. छापण्याचा क्रम आणि सहीचा क्रम यांची फारशी ओळख नसते. तरीही ‘१/१००’ साठी चार पैसे जास्त देणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांना विकावं.

खरा आकडा दुसराच आहे: एकूण कागद किती? शंभर नंबरी प्रतींशिवाय चित्रकारासाठी राखलेल्या काही प्रती असतात, त्यांवर ‘पी.ए.’ असं लिहितात. विक्रीसाठी नसलेल्या म्हणून ‘एच.सी.’. कधी रोमन आकड्यांची आणखी एक छोटी आवृत्ती वेगळ्या कागदावर. म्हणजे शंभर म्हणता म्हणता दीडशेही होऊ शकतात. उलट १९६४ साली तामायोने लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड कार्यशाळेत लिथोग्राफ केल्या, तिथली आवृत्ती साधारण वीसच प्रतींची असे. जून वेन यांनी १९६० मध्ये ही संस्था काढली तीच मुळी अमेरिकेत मरत चाललेली दगडी छपाई जगवायला. तिथल्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात बिनशाईचा उठावाचा शिक्का असतो, एक कार्यशाळेचा, एक छापणाऱ्या कारागिराचा. उजेड तिरपा धरला की दिसतो. मला विचाराल तर सहीपेक्षा मी या शिक्क्यावर आधी विश्वास ठेवेन. पेन्सिलीची सही कुणीही गिरवू शकतो, पण प्रेसमधून उठलेला शिक्का कागदाच्या पोटातून यावा लागतो.

सहीचाच एक मजेदार तपशील तैलचित्रांच्या बाबतीत आहे. तामायोच्या अनेक चित्रांवर ‘तामायो ओ-४५’ असं दिसतं. ४५ हे साल. ‘ओ’ म्हणजे ओल्गा, त्याची बायको. १९३४ मध्ये लग्न झालं. बाजारात आलेल्या लग्नाच्या आधीच्या एखाद्या चित्रावर हा ‘ओ’ असेल तर कपाळावर आठी पडायलाच हवी.

शंका फिटवायची जागा म्हणजे त्याच्या मुद्राचित्रांची संपूर्ण सूची. १९२५ ते १९९१ दरम्यानचं प्रत्येक मुद्राचित्र तिच्यात मोजमाप, तंत्र, मुद्रक, आवृत्तीची संख्या यांसह नोंदलेलं आहे. लिलावाच्या वर्णनात मागे सूचीतला क्रमांक देतात तो याचसाठी. विकणारा म्हणतो आवृत्ती शंभराची आणि सूची म्हणते पंचाहत्तर, तर कुणीतरी चूक करतंय, आणि सहसा ती सूची नसते. माप तर नक्की जुळवावं. सूचीतल्यापेक्षा कागद दोन सेंटिमीटरने कमी भरला तर कुठल्याशा फ्रेमवाल्याने आपली फ्रेम न बदलता चित्राची कड कापली असा त्याचा अर्थ. कड कापलेल्या प्रतीची किंमत चांगलीच खाली येते. सुटी पानं हाही एक प्रकार आहे: १९५९ मध्ये मोनॅकोतून बायबलमधल्या सेंट जॉनच्या ‘अपोकॅलिप्स’ची चैनीची आवृत्ती निघाली, तिच्यासाठी तामायोने लिथोग्राफ केल्या. असं पुस्तक सोडवून पानं एकेक करून फ्रेममध्ये विकता येतात. पान खरंच असतं, लिथोही खरी, पण ते स्वतंत्र सही-नंबराच्या प्रिंटच्या भावाने घ्यायचं नाही.

कागदाच्या प्रकृतीबद्दल एवढंच, की मागची बाजू बघितल्याशिवाय बोलू नका. फ्रेम उघडायला नकार देणारा विक्रेता सोडून द्यावा. स्वस्त पुठ्ठ्याच्या माउंटने चित्राभोवती तपकिरी चौकट भाजून निघालेली असते. सेलोटेपने पिवळे पट्टे उमटतात, आणि ते निघता निघत नाहीत. कुणी बोर्डावर पूर्ण चिकटवून टाकलेलं असतं. लॅमिनेशन केलेलंही ऐकलंय, त्यावर काय बोलणार. खिडकीसमोर वीस वर्षं टांगलेल्या प्रिंटचा रंग उडालेला असतो आणि तामायोचा रंग उडाला तर उरतं काय? माउंटखाली झाकलेल्या पट्टीतला रंग आणि उघड्यावरचा रंग शेजारी शेजारी बघितले की लगेच कळतं. संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्सच्या वर उजेड देत नाहीत, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीतल्या संध्याकाळइतका मंद. मुंबई-कोकण-गोव्याकडे राहणाऱ्यांचा शत्रू मात्र वेगळा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, फ्रेमच्या पाठीमागे हवा कोंडते, कागदावर बुरशीचे तांबूस ठिपके उठतात, आणि कसर आपलं काम करत असतेच. आतल्या भिंतीवर टांगा, मागे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवा, आणि जूनमध्ये एकदा उतरवून बघा.

आता मुख्य प्रश्न: किती येतील? याला एक उत्तर नसतं, आणि व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवून देणारा जाणकार, टाळाटाळ करतो म्हणून नसतं असं नाही. सोन्याचा दागिना घेताना घडणावळ भरतो, मोडायला गेलो की ती मिळत नाही. बांगडी तीच, भाव दोन. चित्रांनाही तसेच निदान दोन भाव. विम्यासाठी जो आकडा लिहितात तो ‘हेच चित्र उद्या दुकानातून परत घ्यायचं झालं तर’ असा असतो, म्हणजे गॅलरीचा भाव, चढा. वाटणीसाठी, वारशासाठी किंवा विकायला काढताना धरतात तो बाजारभाव, म्हणजे खुल्या लिलावात साधारण काय येतं तो. घाईने मोकळं व्हायचं असेल तर तिसरा, सगळ्यात पडका. विम्याच्या कागदावर आठ हजार डॉलर वाचून ‘आपल्याकडे आठ हजारांचं चित्र आहे’ असं समजणारे लोक पुढे लिलावगृहावर चिडतात.

लिलावाच्या आकड्यातही मेख आहे. धरून चालू की हातोडा ४,००० डॉलरवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी. घेणाऱ्याला वर लिलावगृहाचा प्रीमियम, समजा २५ टक्के, म्हणजे त्याचे गेले ५,०००. विकणाऱ्याकडून दहा टक्के कमिशन, म्हणजे त्याच्या हातात आले ३,६००. बातमीत येतात पाच हजार. त्यामुळे जुने निकाल ताडून बघताना आकडा हातोड्याचा की प्रीमियमसह, हे आधी विचारायचं. आणि ताडून बघायचं तर तीच प्रिंट, तीच आवृत्ती, गेल्या चारपाच वर्षांतली, आणि जमेल तितकी त्याच प्रकृतीची. ‘तामायोची प्रिंट इतक्याला गेली’ हे वाक्य ‘पुण्यात फ्लॅट इतक्याला गेला’ इतकंच उपयोगाचं. विषयानेही भाव हलतो: कलिंगडं, चंद्रावर भुंकणारी कुत्री, ठसठशीत लाल रंगातली माणसं यांना नेहमी गिऱ्हाईक असतं; करड्या रंगातली एकटी डोकी मागे पडतात. मला स्वतःला ती डोकीच जास्त आवडतात, आणि ती स्वस्त पडतात ही गोष्ट मी फार मोठ्याने सांगत नाही.

व्हॅल्युअर निवडताना दोन गोष्टी बघा. तो फी ठरावीक घेतो की किमतीच्या टक्क्यांत? टक्क्यांत घेणाऱ्याला आकडा फुगवायची सोय होते. आणि मूल्यांकन केल्यावर ‘मीच घेतो की’ म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

मेक्सिकोतून चित्र आणायचं तर कायद्याचा एक कोपरा माहीत हवा. रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस, फ्रिदा काहलो अशा मोजक्या चित्रकारांचं काम तिथे राष्ट्राचा ठेवा म्हणून जाहीर झालंय. खाजगी मालकीचं असलं तरी ते देशाबाहेर कायमचं नेता येत नाही. तामायो त्या यादीत नाही, म्हणून त्याचा बाजार तुलनेने मोकळा. योगायोग असा की मेक्सिकोचा हा कायदा १९७२ चा आणि आपला पुरावस्तू आणि कलासंपदेचा कायदाही १९७२ चाच. रविवर्म्याचं मूळ तैलचित्र त्याच कायद्याने भारतात अडकून आहे.

शेवटी मालकीचा माग. चित्र चित्रकाराच्या हातून सुटल्यापासून आजवर कुणाकुणाकडे होतं, याची पावत्यांनिशी साखळी. घरचे लोक नेमकं हेच फेकून देतात. जुनी बिलं, गॅलरीची पत्रं, प्रदर्शनाची लेबलं, सगळं केरात. चित्र मात्र जपून. कितीही मळकट झालं तरी मागचं लेबल खरवडायचं नाही, फ्रेम बदलली तर जुनी पाठ एका पाकिटात घालून सोबत ठेवायची.

तामायोचं ‘त्रेस पेर्सोनाहेस’, म्हणजे ‘तीन व्यक्ती’, हे १९७० चं चित्र ह्यूस्टनच्या एका गृहस्थाने १९७७ मध्ये बायकोला भेट म्हणून ५५,००० डॉलरला घेतलं होतं. घर बदलताना वखारीत ठेवलं आणि १९८७ मध्ये ते तिथून चोरीला गेलं. तक्रार झाली, नोंद झाली, पत्ता लागला नाही. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये सकाळी कॉफी आणायला निघालेल्या एका बाईला फूटपाथवर कचऱ्याच्या पिशव्यांत ते दिसलं. तिला आधुनिक चित्रकलेतलं फार काही कळत नव्हतं, पण चित्रात जोर आहे असं वाटलं म्हणून तिने ते घरी नेऊन भिंतीवर लावलं. पाठीवर लेबलं होती. ती तिला स्वस्थ बसू देईनात. चौकशी करत करत चारेक वर्षांनी ती चोरीच्या नोंदीपर्यंत पोचली आणि चित्र परत केलं. तोवर पती वारले होते. चित्र २००७ च्या नोव्हेंबरात सदबीजच्या लिलावात १०,४९,००० डॉलरला गेलं, आणि त्या बाईला जाहीर केलेलं १५,००० डॉलरचं बक्षीस मिळालं, शिवाय लिलावगृहाकडून थोडी बिदागी. ती म्हणे त्या दिवशी चित्र न उचलता थोडी पुढे गेली असती, तर कचऱ्याची गाडी आलीच होती.